गाडीमागे बंद ट्रेलर : ओढण्याआधी थांबवण्याचा हिशेब

गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांसमोरच्या गाड्या बदलल्या. जिथे पूर्वी स्कूटर किंवा फार तर मारुती ८०० असायची, तिथे आज बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रेटा उभी दिसते. हौसेपेक्षा गरजच जास्त असते. सुट्टीत गावी जायचे तर घरातले सगळे एकाच गाडीत बसावेत, म्हाताऱ्या माणसांना एसटीच्या रांगेत उभे राहावे लागू नये, लग्नकार्याला दोन फेऱ्या कमी व्हाव्यात, एवढाच साधा विचार.

पण गाडी मोठी झाली की तिच्याकडून अपेक्षाही मोठ्या होतात. ‘एवढे मोठे इंजिन आहे, मग मागे ट्रेलर लावून सामान का नेऊ नये?’ हा प्रश्न आता तरुण मुले सर्रास विचारतात. मोबाइलवर अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. तिथे एक माणूस आपल्या जीपमागे पांढरी पेटीसारखी बंद गाडी जोडतो, त्या पेटीत दुसरी मोटार चढवतो, दार लावतो आणि निघतो. पाऊस नाही, धूळ नाही, कोणाची नजर नाही. मनात येते, आपणही असे करू शकतो.

करू शकतो का? आणि करायचेच झाले तर काय बघून निवडायचे? घरातल्या मोठ्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असायला हवे, कारण परवानगी शेवटी त्यांच्याकडेच मागितली जाते. आणि चूक झाली तर किंमत एका घराने मोजून भागत नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवरच्या अनोळखी माणसालाही ती मोजावी लागते.

ट्रेलर म्हणजे काय, आणि बंद कशासाठी?

ज्या वाहनाला स्वतःचे इंजिन नसते, जे दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढले जाते, तो ट्रेलर. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागलेल्या आपण पश्चिम महाराष्ट्रात पाहतो, तो ट्रेलरच. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्राचा ट्रॅक्टरचा जुना कारखाना आहे. म्हणजे ओढणारे यंत्र आपल्या उपनगराला नवे नाही. पण ट्रॅक्टर आणि घरची मोटार यांत फरक आहे. ट्रॅक्टर ओढण्यासाठीच जन्माला येतो आणि हळू चालतो. घरची गाडी माणसे नेण्यासाठी बनते आणि महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने धावते.

मोटार वाहून नेणारे ट्रेलर दोन प्रकारचे. उघडा ट्रेलर म्हणजे चाकांवरचा सपाट पाट. तो हलका असतो, स्वस्त असतो, वारा त्याला अडत नाही. बंद ट्रेलरला चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर आणि मागे खाली पडणारे दार असते. हे दारच मोटार चढवायचा उतार बनते. पाऊस, उडणारे खडे, डांबराचे शिंतोडे आणि चोरी यांपासून आतली गाडी वाचते. त्या बदल्यात ट्रेलरचे वजन वाढते आणि त्याची उभी भिंत वाऱ्याला शिडासारखी सापडते.

बंद डब्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी रेल्वेने जातात तेव्हा बऱ्याचदा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेल्या जुन्या डब्यांचा उपयोग होतो. त्यांच्या खिडक्या बंद करून टोकाला दारे बसवतात आणि मोटारी एकामागोमाग आत चालवत नेतात. रस्त्यावर हेच काम लांबलचक बंद कंटेनर करतात. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री ते दिसतात. दोन्हीकडे ओढणारे इंजिन, ब्रेक आणि चालक त्याच कामासाठी घडवलेले असतात, हे विसरता येत नाही.

चारकोपमधली पद्मिनी

आमच्या नात्यातले एक कुटुंब कांदिवली पश्चिमेला चारकोप भागात राहते. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामे करण्याची तारीख ठरली, तशी आवारातली वाहने हलवण्याचीही ठरली. या घरात दादांची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी एकेकाळी मुंबईची ओळख होती. तिच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. दादांची गाडी मात्र खासगी, पांढऱ्या रंगाची. तिच्यातूनच घरातल्या तिन्ही मुलींची पाठवणी झालेली. हल्ली ती चालू व्हायची, पण लांबच्या रस्त्याला नेण्याजोगी राहिली नव्हती.

भाड्याच्या घरी गाडी ठेवायला जागा नव्हती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मुलांचे म्हणणे विकून टाका. दादा काहीच बोलत नव्हते, आणि त्यांचे न बोलणेच सगळ्यांना जड जात होते. खेडजवळच्या गावी घर आहे, अंगणात पडवी आहे. गाडी तिथे पोहोचली तर राहील. दोन्ही नातवांनी उपाय काढला : चाचूंची स्कॉर्पिओ आहे, एक बंद ट्रेलर मिळवू, पद्मिनी आत घालू आणि रात्रीत खेड गाठू.

मुलांच्या मामूंनी आयुष्यभर ट्रकच्या ब्रेकचे काम केले आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “बेटा, ओढेल ती. थांबेल का, ते सांग.”

या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. इंजिनाची जाहिरात ओढण्याच्या ताकदीची होते. पण माणसांचा जीव थांबण्याच्या ताकदीवर अवलंबून असतो.

कागद-पेन्सिल घेऊन बसा

हिशेब फार अवघड नाही. सातवीतला मुलगाही करू शकेल.

पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आसपास. पोलादी सांगाड्याचा २० फुटी बंद ट्रेलर रिकामाच साधारण दीड टनाचा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तीन-चारशे किलो कमी, पण किंमत बरीच जास्त. पोलादी धरला तर १,५०० आणि ९०० मिळून २,४०० किलो. जादा चाक, पट्टे, जॅक यांचे ५० किलो धरले की २,४५०.

आता ओढणारी गाडी. स्कॉर्पिओसारखी गाडी दोन टनांच्या आसपास असते. पाच माणसांचे ३५० किलो मिळवा. म्हणजे पुढे २,३५० आणि मागे २,४५०. मागचे ओझे पुढच्या गाडीपेक्षाही जड झाले!

महिंद्राची हीच नवी स्कॉर्पिओ ऑस्ट्रेलियात विकली जाते. तिथे कंपनी लेखी सांगते की स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर असेल तर २,५०० किलोपर्यंत ओढा, ब्रेक नसलेला असेल तर फक्त ७५० किलो. आपला हिशेब २,५०० च्या अगदी काठावर येतो, आणि तोही ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. दुसऱ्या देशातला आकडा उचलून इथे वापरताही येत नाही. तिथली गाडी तिथल्या नियमांनुसार, तिथल्या जोडणीसह तपासलेली असते. म्हणून नियम सोपा ठेवावा : तुमच्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा आकडा लिहिलेला नसेल, तर तो आकडा शून्य समजावा. मेकॅनिक ‘काही होत नाही’ म्हणाला, हा पुरावा नव्हे.

दुसरा हिशेब जोडणीवरच्या भाराचा. ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या चाकांवर नसते. पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकतो, तिथे एकूण वजनाचा साधारण दहावा भाग यावा असे अमेरिकेत मानतात. युरोपात थोडा कमी धरतात. २,४५० किलोचा दहावा भाग २४५. म्हणजे साडेतीन धडधाकट माणसे गाडीच्या मागच्या बंपरवर उभी आहेत असे समजा. हा भार गाडीच्या आत न्यायच्या वजनातून वजा होतो. पाच माणसे बसली आणि मागे २४५ किलो टेकले की बहुतेक गाड्यांची वजनमर्यादा तिथेच संपत आली. मग बॅगा, आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती कुठे ठेवणार?

उलाळलेली बैलगाडी

जोडणीवर भार हवाच कशाला, कमीच ठेवू, असे कोणी म्हणेल. आपल्या आजोबांना याचे उत्तर माहीत होते. बैलगाडी भरताना जाणता माणूस ओझे थोडे पुढे ठेवतो. मागे जास्त भरले की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे फार भरले तर बैलांच्या मानेला काचते. ट्रेलरचे तंत्र हेच आहे.

फरक वेगाचा आहे. मागे जड झालेला ट्रेलर ताशी ७०-८० च्या वेगात शेपटीसारखा हलू लागतो. बाजूने ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा चालकाने पटकन लेन बदलली, एवढे निमित्त पुरते. प्रत्येक हेलकाव्याला शेपूट पुढच्या गाडीलाही खेचते. घाबरून जोरात ब्रेक दाबला तर मागचे ओझे पुढच्या गाडीला बाजूला ढकलते. वेग वाढवून सरळ करायला जावे तर हेलकावे आणखी वाढतात. जाणकार सांगतात, अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरावे, पाय हळूच वेगावरून काढावा आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त ते लावावेत. पण जाणकार हेही सांगतात की खरा उपाय ओझे लावतानाच करायचा असतो. बंद ट्रेलरची भिंत उंच असल्याने त्याला वाऱ्याचा त्रास उघड्यापेक्षा जास्त.

घाटात उतरताना प्रश्न आणखी वाढतो. वजन दुप्पट झाले की ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णताही दुप्पट, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाला आता बोगदा झाला आहे. पण परशुराम घाट आहे, आणि महामार्ग सोडल्यावर गावाकडे जाणारे उताराचे, वळणाचे अरुंद रस्ते आहेतच. तिथे समोरून एसटी आली तर ट्रेलरसह मागे घ्यावे लागते. ट्रेलर मागे घेताना तो स्टिअरिंगच्या उलट दिशेने वळतो. सराव नसलेल्या माणसाच्या हातून दोन मिनिटांत गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे वाहनच आहे. कलम ६१ प्रमाणे त्याचीही नोंदणी करावी लागते. म्हणजे गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून चार पत्रे आणि दोन चाके जोडून घेतलेली पेटी रस्त्यावर आणता येत नाही. मान्यताप्राप्त नमुना, चासी क्रमांक, नोंदणी आणि विमा हे सगळे लागते. गाडीच्या विम्यात ट्रेलरची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. ती नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याची भरपाई घर विकून द्यायची वेळ येते.

आपल्याकडे ट्रेलरचे वजनाप्रमाणे वर्ग आहेत. भरलेल्या वजनासह ७५० किलोपर्यंतचा टी-१, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचा टी-२, मग टी-३ आणि टी-४. ज्या बंद ट्रेलरमध्ये मोटार मावते तो किमान टी-२ मध्ये जातो. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आपल्या आरटीओत, कांदिवलीकरांनी बोरिवलीच्या एमएच-४७ कार्यालयात, दोन प्रश्न लेखी विचारावेत : माझ्या गाडीमागे या वर्गाचा ट्रेलर नोंदवता येईल का, आणि माझा वाहन परवाना त्याला पुरेल का?

आणखी एक गैरसमज. नव्या गाडीच्या बंपरमध्ये एक छोटे झाकण असते, त्यात लोखंडी कडी फिरवून बसवता येते. अनेकांना वाटते ती ट्रेलरसाठी आहे. ती बंद पडलेली गाडी बाजूला काढण्यापुरती असते. ट्रेलरची जोडणी गाडीच्या मूळ सांगाड्याला बसवावी लागते. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना शिडीसारखी वेगळी चासी असते. क्रेटा, सेल्टॉस यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. दिसायला दोन्ही उंच आणि रुबाबदार, पण ओझे ओढण्याच्या कामात सारख्या नव्हेत.

आणि सगळ्यात घरगुती अडचण : ट्रेलर उभा कुठे करणार? २० फुटी पेटी, पुढचा दांडा धरून २४-२५ फूट. कांदिवलीत एका मोटारीच्या जागेसाठी सोसायटीच्या सभा रंगतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी वर्षभर जागा अडवणे आपल्या शेजारधर्मात बसत नाही.

परदेशात असाल तर

आपल्या अनेक वाचकांची मुले, भाऊ, जावई इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिकेत आहेत. तिथे बंद ट्रेलर ही रोजची वस्तू आहे आणि निवडीचा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी काही मुद्दे :

परवाना आधी पाहावा. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पण ट्रेलर असताना मोटरवेवरही ताशी ६० मैलांपुढे जाता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत ७५० किलोपुढच्या ट्रेलरला ईबी वर्गाचा परवाना लागतो.

ट्रेलरची लांबी नुसती मोटारीच्या लांबीवरून ठरवू नये. चार मीटरच्या मोटारीला पुढेमागे सरकवायला जागा हवी, म्हणजे जोडणीवरचा भार नीट करता येतो. आतली रुंदी चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये मोजावी, भिंतीपासून भिंतीपर्यंत नव्हे. मोटार आत नेल्यावर चालकाने दार उघडून बाहेर कसे यायचे, हे विकत घेण्याआधी प्रत्यक्ष करून पाहावे. बाजूला सुटकेचे दार असलेला ट्रेलर म्हणूनच बरा.

दोन आस असलेला ट्रेलर एका आसाच्या ट्रेलरपेक्षा स्थिर चालतो आणि एक टायर फुटला तरी लगेच कोसळत नाही. ब्रेक सगळ्या चाकांना हवेत. मोटार बांधण्याच्या कड्या लाकडी फळ्यांना नव्हे, खालच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या हव्यात. चार कोपऱ्यांना चार पट्टे लावावेत, हातब्रेक आणि गिअर दोन्ही टाकावेत, आणि पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. जुना ट्रेलर घेताना नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला समजू नये. उभ्याउभ्या टायर वाळतो. त्याच्या भिंतीवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते, ते वाचावे. छताच्या कोपऱ्यात ओलीचे डाग आणि फळीखाली गंज पाहावा.

वर्षातून एकदाच लागणार असेल तर तिथेही भाड्याने घेणे शहाणपणाचे.

मग इथे मोटार न्यायची कशी?

आपल्याकडे मार्ग आहेत. गाडी चालण्याजोगी असेल तर भरवशाचा चालक देऊन सकाळी लवकर काढणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा मोठ्या शहरात बदली झाली असेल तर बंद कंटेनरची सेवा मिळते. त्यात अनेकांच्या गाड्या एकत्र जातात म्हणून भाडे वाटले जाते, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते. फक्त आपल्याच गाडीसाठी वाहन केले तर लवकर पोहोचते आणि महाग पडते. कंटेनर गल्लीत येत नाही. तो भिवंडी किंवा कळंबोलीसारख्या ठिकाणी भरतो आणि दुसऱ्या टोकाला महामार्गावर रिकामा होतो.

गोव्याकडे जाणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी मोटारी नेणारी रो-रो सेवा चालवली. एका गाडीचे भाडे ७,८७५ रुपये होते. ट्रकसाठीची रो-रो सेवा तर १९९९ पासून आहे. असा हंगामी पर्याय जाहीर झाला तर जरूर चौकशी करावी.

जवळच्या अंतरासाठी आणि न चालणाऱ्या गाडीसाठी सपाट पाटाची टोइंग गाडी उत्तम. पाट खाली सरकतो, मोटार साखळीने वर ओढली जाते, चारही चाके पाटावर राहतात. ती उघडी असते, म्हणून पावसाळा टाळावा. आणि कापडी कव्हर घालून पाठवू नये. वाऱ्यात फडफडणारे कव्हर रंगावर पॉलिशपेपरसारखे घासते.

गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाते तेव्हा ती अमानत असते, आणि अमानतीला लिखापढी हवी. आमच्या ओळखीतल्या एकांची गाडी नागपूरला आठ दिवस उशिरा पोहोचली, आणि उतरवून घेण्याआधी ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले गेले. हातात काहीच लेखी नव्हते, त्यामुळे निमूटपणे द्यावे लागले. म्हणून :

– भाडे, पोहोचवण्याची तारीख, ठिकाण आणि चढवण्या-उतरवण्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्यावे. बिल्टी घेतल्याशिवाय चावी देऊ नये.
– सगळे पैसे आधी देऊ नयेत. उरलेले पैसे गाडी पाहून द्यावेत.
– वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा वेगळा असतो. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत तो धरलेला आहे का, हे विमा कंपनीला विचारावे.
– चारही बाजू, छत, काचा, टायर आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो तारखेसह काढावेत. आकडा लिहून वाहतूकदाराची सही घ्यावी, म्हणजे वाटेत कोणी गाडी फिरवली तर कळेल.
– टाकीत थोडेच इंधन ठेवावे. मूळ कागदपत्रे घरी ठेवून प्रती द्याव्यात.
– फास्टॅग काढून ठेवावा. नाहीतर आपली गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसलेली असताना टोल आपल्या खात्यातून कापला जाऊ शकतो.
– गाडीत घरसामान भरू नये. भांडीकुंडी हरवली तर दाद मागता येत नाही.
– गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.

ठरले काय?

चारकोपच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. मामूंनी वरचा सगळा हिशेब वहीच्या पाठीमागच्या पानावर मांडून मुलांसमोर ठेवला. धाकट्याने विचारले, “मग ट्रेलर वाईटच का, मामू?” ते म्हणाले, “वाईट नाही. आपली गाडी त्यासाठी तपासलेली नाही, आपला रस्ता त्यासाठी नाही, आणि तुमचा हात त्यावर बसलेला नाही. तीनपैकी एक कमी असता तर बोललो असतो.”

सपाट पाटाची गाडी ठरवली. पाऊस सरल्यावर, दिवसाउजेडी न्यायचे ठरले. सणासुदीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, ते दिवस टाळले. इमारत रिकामी करायची तारीख आधीची होती, म्हणून मधले दोन महिने एका मित्राच्या गोदामात जागा मागून घेतली. भरणे नाक्यापर्यंत पाटावरून आणि पुढे गावापर्यंत स्वतःच्या चाकांवर. शेवटचे ते थोडे अंतर दादा चालकाच्या शेजारी बसून गेले. भाड्याचे पैसे तिन्ही मुलींनी मिळून दिले. भंगाराच्या भावापेक्षा ते जास्तच होते, पण त्यावर घरात कोणी वाद घातला नाही.

ज्यांना खरोखर नियमित ओढायचे काम आहे, केटरिंगच्या देगा, मंडपाचे सामान, फिरते दुकान, त्यांनी टी-१ वर्गातल्या नोंदणीकृत छोट्या ट्रेलरची चौकशी जरूर करावी. पण त्याच्या शेजारी एका जुन्या पिकअपची किंवा छोट्या टेम्पोची किंमतही लिहून पाहावी. बहुतेक घरांना टेम्पोच परवडेल, कारण त्याचे ब्रेक, त्याची चाके आणि त्याचा परवाना त्याच कामासाठी आहे.

आणि मुलांनी उत्साहाने काही नवे सुचवले तर त्यांना झिडकारू नये. कागद-पेन्सिल हातात द्यावी आणि तीन आकडे लिहायला सांगावेत : ओढणाऱ्या गाडीचे वजन, ओढायच्या ओझ्याचे वजन, आणि कंपनीने लेखी दिलेली मर्यादा. तिसरा आकडा कोरा राहिला तर उत्तर त्यांना स्वतःलाच सापडेल. मोठ्यांच्या ‘नाही’पेक्षा स्वतः मांडलेला हिशेब मुलांना लवकर पटतो, हा वर्गातलाही अनुभव आहे.